चढणीच्या माशांची वाट

आमच्या शेताच्या खालच्या टोकाला एक मोठा खड्डा आहे. हायवेच्या कामाला मुरूम लागत होता तेव्हा एका ठेकेदाराने तो खणून नेला आणि जाताना जागा सारखी करून देतो म्हणाला. ते काही झालं नाही. पावसाळ्यात शेजारच्या ओहोळाचं पाणी एका मोरीतून त्यात शिरतं आणि शिमग्याच्या आसपासपर्यंत टिकतं. पाड्यातले लोक त्याला खड्डाच म्हणतात. मी एक वर्ष त्याला तळं म्हणत होते.

माझा नवरा खलाशी आहे. आमच्या तलासरीकडच्या पाड्यांतले बरेच पुरुष आहेत तसा. भाताची लावणी आटोपली की गुजरातच्या बंदरांवरून बोटी चालवणाऱ्या तांडेलांचे फोन सुरू होतात, मग एक दिवस गाडी येते आणि पुरुष पिशव्या घेऊन नाक्यावर उभे राहतात. ते परततात पुढच्या पावसाच्या तोंडावर, काळेठिक्कर पडून, आणि घरात शिरल्यावर थोडे दिवस जमीन हलते आहे असं म्हणतात. मधल्या काळात फोन लागला तर लागला. बोट किनाऱ्यापासून आत गेली की रेंज जाते, आणि मग इकडे आपण जगलो काय, मेलो काय, तिकडे कळत नाही.

पलीकडच्या पाड्यातला एक जण असाच गेला. त्यांची बोट दर्यातली दोन देशांमधली रेघ ओलांडून गेली, निदान पलीकडच्यांनी तसं म्हटलं, आणि बोटीवरचे सगळे तिकडच्या तुरुंगात पडले. त्याची बायको माझ्याबरोबर डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला यायची. ती रडायची नाही. टोपली भरायची, ओतायची, परत भरायची. जेवायच्या सुट्टीत एकदा तिने मला विचारलं, सणाला हिरव्या बांगड्या भरू का नको, तुला काय वाटतं? मी तिला माझी भाकरी अर्धी दिली आणि आम्ही दोघी जेवलो.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. नवरा घरी राहायला हवा होता. त्याने घरी राहून गवत कापलं असतं तरी चाललं असतं. मत्स्यशेतीचं मला मेलं काय पडलं होतं! पण डहाणूला शेतकऱ्यांसाठी माशांचं प्रशिक्षण आहे असं वाडीत कळलं, आणि आमच्याकडे खड्डा होता, म्हणून मी गेले.

हॉलमध्ये पंखे होते आणि खुर्च्यांना पांढरी कापडं घातली होती. पुढच्या रांगेत किनाऱ्याकडचे वाडीवाले बसले होते. त्यांच्याकडे वीज, पंप, राखणदार, सगळं होतं, आणि प्रश्नही तेच विचारत होते. शिकवणारे साहेब भले माणूस होते. पण ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूविषयी बोलायला लागले की माझ्या शेजारची सरावलीची बाई पदर तोंडाला लावून जांभई द्यायची आणि मलाही द्यायला लावायची. मध्येच साहेबांनी मला विचारलं, "ताई, घरातलं पुरुष माणूस नाही आलं?"

"तो मासे पकडायला गेलाय," मी म्हणाले.

सगळा हॉल हसला. साहेबही हसले. मीही हसले असेन, कारण सगळे हसत असताना तोंड सरळ ठेवून बसणं वाईट दिसतं. पण एक गोष्ट मी नीट ऐकली आणि घरी येईपर्यंत बसमध्ये घोकत बसले. तळ्यात बाहेरचा मासा शिरू द्यायचा नाही. पाणी जिथून येतं तिथे बारीक जाळी बांधायची आणि पावसाळाभर ती हलू द्यायची नाही. मरळ आत शिरली तर तुमची पिल्लं ती खाऊन टाकेल, आणि तुम्ही वरून खाणं टाकत बसाल.

नवरा जेठात परत आला. मी त्याला सांगितलं तेव्हा तो अंगणात बसून पायाची भेग दगडाने घासत होता.

"माशांना जेवायला घालायचं?" तो म्हणाला. "रोज?"

"रोज."

"आन् ते पळून गेलं तर?"

"जातील कुठं? खड्डाच आहे."

तो बराच वेळ घासत राहिला. मला तेव्हा पाचवा महिना होता; संक्रांतीला बोट दुरुस्तीला लागली तेव्हा तो थोडे दिवस घरी येऊन गेला होता. त्याच्या आधी दोनदा माझं पोट रिकामं झालं होतं, आणि दोन्ही वेळा तो बोटीवर होता. एकदा तर त्याला ते कळेपर्यंत मी परत कामाला जायला लागले होते. तो म्हणाला, "एक साल बघू," आणि आत जाऊन पाणी प्यायला. मला आनंद झाला. तो शेवटचा बिनघोर आनंद, असं आता वाटतं, पण तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. भात शिजत होता आणि मी तो उतरवायला गेले.

खड्डा उन्हाने पार आटला होता. आम्ही तळाला चुना मारला, शेण टाकलं. नवऱ्याने बारीक नायलॉनची जाळी आणली आणि मोरीच्या तोंडाला बांधली. बोटीवरच्या गाठी त्या, आपल्याला सुटायच्या नाहीत. साहेब मोटरसायकलवरून बघायला आले तेव्हा जाळीकडे बघून खूश झाले आणि तिचा फोटो काढून नेला. बाकी आमच्याकडे फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तकात पाणी तपासायची पेटी होती, ती आमच्याकडे नव्हती. विकतचं खाद्य मिळायचं ते पार भिलाडच्याही पुढे. म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांवर भागवायचं ठरलं. साहेब म्हणाले, "चालेल. पण जाळी महत्त्वाची."

पहिल्या पावसाने खड्ड्यात पाणी साचलं तेव्हा रोहू नि कटला माशांची पिल्लं लांबून टेम्पोने आली. बोटाएवढी, म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ती नुसती वळवळत होती. साहेबांनी सांगितलं, पिशव्या लगेच फोडू नका, थोडा वेळ तळ्यात तरंगत ठेवा, म्हणजे त्यांना आपल्या पाण्याची सवय होईल. माझी सासू काठावर उकिडवी बसून सगळं बघत होती. एवढी एक गोष्ट तिला पटली.

"नव्या घरात आल्यावर थोडं बसायलाच लागतं," ती म्हणाली.

सासू माझ्याशी कधी वाईट वागली नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी तिला नावं ठेवील. तिच्या हातावर गोंदण आहे, ते आता सुरकुत्यांत मिसळून गेलंय, आणि ती कमी बोलते. पोटात काही राहिलं नाही तेव्हा दोन्ही वेळा तिने मला हळद घालून गरम पाणी दिलं, आणि एकदाही काही बोलली नाही. बाकीच्या बायकांच्या सासवा काय काय बोलतात ते मी वाडीत रोज ऐकायचे.

पिल्लं सोडून थोडे दिवस झाले आणि पाऊस धरून बसला. ओहोळ भरला. आमच्याकडे असा ओहोळ भरला की मासे खालून वर चढतात, अंडी घालायला. पोटं फुगलेली असतात त्यांची, आणि प्रवाहाच्या उलट उड्या मारत ते शेतात, चरात, जिथे पाणी सापडेल तिथे घुसतात. पाड्यात सगळे कंदील नि टोपल्या घेऊन निघतात. चढणीचे मासे खायची मजा वेगळी, ती सांगून समजायची नाही. फक्त एक नियम आहे. ज्या घरात बाई पोटुशी असते त्या घरचं माणूस चढणीचा मासा मारत नाही आणि त्याची वाट अडवत नाही. त्याची वाट अडवली तर घरातल्या बाईची अडते, असं म्हणतात. मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. पण जाळी ही वाट अडवणं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जाळी ही साहेबांची गोष्ट होती आणि चढण ही आमची. दोन्ही एकाच मोरीत आहेत हे कुठे लक्षात येतं?

त्या दिवसांत डॉक्टरीणबाईंनी मला झोपून राहायला सांगितलं होतं. मी खाटेवर पडून छपरावरचा पाऊस ऐकत असायचे. सासू डोक्यावर प्लास्टिक घेऊन बाहेर जायची, भिजून यायची, चुलीपाशी बसायची. नवरा बांध बघायला वरच्या शेतात असायचा. मी तिला विचारलंही नाही कुठे जाऊन आलात म्हणून. पावसात माणसं बाहेर जातात, आत येतात.

मग पाऊस ओसरला. तांडेलाचे फोन आले. नवरा अंगणात फेऱ्या मारत गुजरातीत सांगायचा की या वेळेला नाही येत. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत तेच. बाकीचे गाडीत बसून गेले. पाडा रिकामा झाला आणि आमच्या घरात पुरुष होता. बायका पाणी भरताना मला चिडवायच्या, "तुझा खलाशी तर माशांना भरवतोय गं!" आणि खरंच भरवायचा तो. सकाळी कोंडा नि पेंड भिजवून गोळे करायचा, तळ्याच्या एकाच कोपऱ्यात टाकायचा, आणि पाणी हललं की मला हाक मारायचा. पाणी हलायचं. चांगलं खळबळून हलायचं. आम्हाला काय ठाऊक तिथे कोण जेवतंय?

मुलगी झाली ती नवरात्र संपता संपता. डहाणूच्या दवाखान्यात. रडली, चांगली मोठ्याने रडली. नवरा बाहेर बाकावर होता. त्याने आत येऊन तिला बघितलं आणि तिच्या पायाला नुसतं बोट लावलं. तिच्या जन्माच्या वेळी तो तिथे होता, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. बाकीच्या बायका पेढ्यांचं बोलत होत्या.

दिवाळीच्या सुमाराला साहेब म्हणाले, जाळं फेकून वाढ बघा. नवऱ्याने एकदाच फेकलं. दोन-तीन रोहू आल्या, ह्या एवढाल्या, पाठीला जाड. साहेबांना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, वाढ उत्तम. वाढ उत्तमच होती. जे थोडे उरले होते त्यांना खायला भरपूर होतं. हे आता कळतं. तेव्हा आम्ही ते मासे परत पाण्यात सोडले आणि पुढच्या वर्षी अजून एक खड्डा खणायचं बोललो. नवरा झोपताना छपराकडे बघत म्हणाला, "बोटीवर काय हाय तसं? नुसतं पाणी." मी मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बोलले तर मोडेल असं वाटलं.

शिमग्याच्या आधी पाणी उतरलं तसं आम्ही जाळं ओढायचं ठरवलं. जाळं ओढायला माणसं लागतात, आणि आमच्याकडे मजूर लावून मासे काढत नाहीत, पाडा येतो. म्हातारे, बायका, सगळे आले. नवरा एका टोकाला कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि बोटीवरच्यासारखा ओरडत होता. मी मुलीला घेऊन काठावर होते.

जाळं जवळ आलं आणि पाणी उसळलं. "मरळ!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. काळ्या, लांब, हाताएवढ्या जाड मरळी जाळ्यात आपटत होत्या. बायका हसत होत्या. मरळ आमच्याकडे सगळ्यांना आवडते, तिला काटा कमी. परत ओढलं, परत मरळी, आणि बारीक कचरा मासा. रोहू-कटला मधूनच एखादा, मोठा, चमकणारा.

मी काठावर उभी होते. मला आठवतं की मुलगी माझ्या केसांची बट ओढत होती आणि ते दुखत होतं. बाकी काही वाटत नव्हतं. राग यायला हवा होता, तो मी शोधत होते. कुठे ठेवलेली वस्तू सापडू नये तसं झालं.

"आत कश्या आल्या ह्या?" नवरा पाण्यातून म्हणाला. कोणाला विचारलं असं नव्हतं. "जाळी तर शाबूत हाय."

"मी सोडली होती," सासू म्हणाली.

ती माझ्या शेजारीच उभी होती. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. दूध उतू गेलं असं सांगावं तसं सांगितलं तिने. "चढण होती तवा. गाठी नाय सुटल्या, खालून एक बाजू उचलून ठेवली, मंग दाबली परत. पोटुशा माशाची वाट अडवतात का? घरात ही पोटुशी असताना?" आणि मग तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणून तर ही आठं हाय, आपल्यात."

पाड्यातल्या सगळ्यांना ते पटलं होतं. दोन-तीन बायकांनी मान हलवली. नवरा पाण्यात उभा होता, त्याच्या हातात जाळ्याची दोरी होती. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. मला वाटलं मीच बोलेन. साहेबांनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. पण माझ्या कडेवर ती बसली होती, दात नसलेली, लाळ गाळणारी, आणि तिच्यापुढे मी काय सांगायचं होतं, की म्हातारीचं चुकलं?

नवऱ्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "ओढा."

मग वाटणी झाली. हे मी शहरातल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना पटत नाही. आमच्याकडे ओहोळातून आलेल्या माशावर कोणाची मालकी नसते. तो ज्याच्या शेतात सापडला त्याचा नसतो, जाळं ओढणाऱ्या सगळ्यांचा असतो, घरटी वाटे पडतात. पिशवीतून विकत आणलेला मासा आमचा. पाड्यातल्या लोकांनी एकेक मासा निवडून वेगळा केला. एकानेही आमची रोहू आपल्या ढिगात टाकली नाही. चुकून गेलेला एक कटला एका म्हाताऱ्याने शोधून परत आणून दिला आणि त्यावरची माती पुसली. असा हा प्रामाणिकपणा. आमचा ढीग एका घमेल्यात मावला. मरळींचा ढीग गुडघ्याएवढा होता, ज्यांनी आमची पिल्लं खाल्ली त्यांचा, आणि तो सगळ्या पाड्याचा होता.

वाटे माझ्या नवऱ्यानेच केले. बोटीवर तो तेच काम करतो, त्याला सवय आहे. प्रत्येक घराचा एक वाटा, म्हाताऱ्यांचा थोडा जास्त. आमच्या घराचा एक वाटा. लोक आनंदाने घरी गेले. जाताना दोघी-तिघींनी मला सांगितलं, पुढल्या साली पण कर गं, छान झालं.

दुपारी साहेबांचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला. मरळ निघाली ऐकल्यावर ते हळहळले. अगदी मनापासून हळहळले.

"मोरीला जाळी होती ना?"

"होती, साहेब."

"पावसाळाभर?"

नवऱ्याने चुलीकडे बघितलं. सासू मरळ साफ करत होती. "बांधलेलीच होती," तो म्हणाला.

"मग तळातल्या चिखलातच एखादी मरळ राहिली असणार. पुढच्या वेळी तळातलं सगळं नीट मारायला हवं. मोहाची पेंड टाका, जंगली मासा सगळा मरतो. बाकीच्या गावांनाही सांगावं लागेल." ते बोलत राहिले. आम्ही हो हो म्हणत राहिलो. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? म्हातारीला समजावायला आले असते. बसले असते, चहा घेतला असता, सांगितलं असतं की माशाच्या वाटेचा नि बाळंतपणाचा काही संबंध नाही. आणि ती मुलीला मांडीवर घेऊन ऐकत बसली असती.

आमची रोहू नवऱ्याने संध्याकाळी तलासरीच्या बाजारात नेली. तिथे लोक दर्याचा मासा मागतात, तळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणतात. त्याने फारशी घासाघीस केली नाही. लवकर परत आला.

रात्रीच्या जेवणाला सासूने मरळीचं कालवण केलं होतं, लसूण ठेचून, चिंच घालून. बाळंतिणीला मरळ चांगली, अंगावर दूध येतं, म्हणून डोक्याकडचा मोठा तुकडा तिने माझ्या ताटात घातला. मी जेवायला लागले. चांगलं झालं होतं कालवण. मला भूक होती, दिवसभर काठावर उभी होते. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत ताटात बघितलं. आम्ही तिघंही खात होतो.

त्याचा फोन वाजला. एका बोटीवरचा खलाशी आजारी पडून घरी गेला होता, तांडेलाला माणूस हवा होता. नवरा उष्ट्या हातानेच उठून दारात गेला. ऐकत उभा राहिला. मागच्या वेळी तो नकार द्यायचा तेव्हा अंगणभर फिरायचा. या वेळी एका जागी उभा होता.

"हा, आवीश," तो म्हणाला. "काले सवारे." येतो म्हणाला, उद्या सकाळीच.

तो परत येऊन बसला आणि उरलेला भात कालवायला लागला. सासूने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या हातात डाव होता.

"अजून वाढू?" तिने मला विचारलं.

मी ताट पुढे केलं.